पाहुणा उपदेशक आणि तिसरा दिवस

प्रश्न : आमच्याकडे सौंदडला आणि आसपासच्या गावांत दिवाळीनंतर प्रार्थनासभा होतात. माझी वहिनी वर्षभरापासून तिथे जाते. पुतण्याला सिकलसेल आहे. सभेला जायला लागल्यापासून त्याचं दुखणं कमी झालं असं ती सांगते. आता बाहेरगावाहून येणारे एक उपदेशक म्हणतात, ‘विश्वास पुरा असेल तर गोळ्या कशाला?’ आम्ही ख्रिस्ती नाही, म्हणून काही बोलायला गेलो की ‘तुम्हाला त्यातलं काय कळतं’ असं ऐकावं लागतं. खरा उपदेशक कोण आणि खोटा कोण, हे ठरवायची ख्रिस्ती धर्मात काही रीत आहे का? की ज्याचा भोंगा मोठा तो खरा?
— एक वाचक, सौंदड (जि. गोंदिया)

उत्तर : आधी गोळ्यांचं. उपदेशक खरा की खोटा हा वाद वर्षभर चालला तरी बिघडत नाही, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुतण्याची गोळी एक दिवसही थांबायला नको. हे वहिनींना आजच सांगा, बाकीचं सावकाश वाचा.

आता तुमचा प्रश्न. रीत आहे, आणि ती बाहेरच्या टीकाकारांनी काढलेली नाही. ती ख्रिस्ती मंडळींनी स्वतःच्या गरजेपोटी केली, तीही फार लवकर, येशूनंतर शंभरेक वर्षांच्या आत. म्हणजे खोट्या उपदेशकांचा उपद्रव धर्माइतकाच जुना आहे.

‘डिडाखे’ नावाची एक लहानशी ग्रीक पोथी आहे. डिडाखे म्हणजे शिकवण. ती शतकानुशतकं हरवल्यासारखीच होती. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात फिलोथिओस ब्रायेनिओस या धर्मगुरूंना तिची १०५६ साली उतरवलेली प्रत सापडली आणि १८८३ साली त्यांनी ती छापली. मूळ मजकूर पहिल्या शतकाच्या अखेरचा किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचा धरतात. त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी कुणाच्या तरी घरी जमत, आणि गावोगाव फिरणारे उपदेशक येऊन तिथेच उतरत. येणाऱ्याला घरात घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, हा घरधन्यापुढचा रोजचा पेच होता. तुमचं गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. वाटसरूला पाणी विचारावं आणि जरा निरखूनही पाहावं, ही सवय तुम्हाला नव्याने शिकवायला नको.

त्या पोथीतले नियम वाचताना हसू येतं, इतके ते व्यवहारी आहेत. उपदेशक आला तर प्रभूच आला असं समजून त्याचं स्वागत करा. एक दिवस ठेवून घ्या, गरज असेल तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी बांधून द्या. पैसे मागितले, तर खोटा. अंगात आत्मा संचारल्यासारखं करून ‘पंगत मांडा’ म्हणाला आणि मग स्वतःच पहिल्या पाटावर बसला, तर खोटा. आत्म्याच्या नावाने ‘मला अमुक रक्कम द्या’ म्हणाला, तर ऐकू नका. पण दुसऱ्या कुणा अडलेल्यासाठी मागत असेल, तर त्याला नावं ठेवू नका. गावात कायमचं राहायचं म्हणत असेल आणि हातात काही कसब असेल, तर त्याने काम करावं आणि खावं. तेही नको असेल, तर तो ख्रिस्ताच्या नावावर दुकान चालवणारा आहे. अशा माणसासाठी त्या पोथीत एक खास ग्रीक शब्दच आहे, त्याचा सरळ अर्थ ‘ख्रिस्त-व्यापारी’ असा होतो.

एक बारकावा मात्र सोडू नका. पोथी असंही सांगते की आत्म्याने बोलणाऱ्याचं बोलणं चिरत बसू नका. परीक्षा करायची ती त्याच्या वागण्याची. आत्म्याने बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नसतो, ज्याची चाल प्रभूसारखी तोच संदेष्टा. ‘तुम्हाला त्यातलं काय कळतं’ या टोमण्याचं उत्तर इथे आहे. शास्त्र कळायला अभ्यास लागतो. पाहुणा जेवायला किती दिवस थांबला आणि जाताना काय मागून गेला, हे घरातल्या कुणालाही कळतं.

फसवणूक त्या काळीही होत होतीच. दुसऱ्या शतकात लुशियन नावाचा एक ग्रीक लेखक होऊन गेला, जिभेचा मोठा तिखट. पेरेग्रिनस नावाच्या भोंदूने ख्रिस्ती मंडळींत शिरकाव कसा केला, तुरुंगात पडल्यावर भोळ्या भाविकांनी त्याच्यासाठी अन्न आणि पैसा कसा पोचवला, हे त्याने लिहून ठेवलं आहे. चलाख माणूस या लोकांत शिरला तर बघता बघता श्रीमंत होतो, असा त्याचा शेरा. लुशियन स्वतः ख्रिस्ती नव्हता, त्याला गंमत वाटत होती. डिडाखे लिहिणाऱ्याला मात्र घोर लागलेला दिसतो.

बायबलमध्ये याच विषयावर बरंच आहे. वहिनींशी बोलताना तेच जास्त उपयोगी पडेल, कारण ते पुस्तक त्यांच्या घरात आहे. मत्तयाचा सातवा अध्याय काढायला सांगा. मेंढराच्या वेषातले लांडगे आणि झाडाची ओळख फळांवरून, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं फारसं कुणी वाचून दाखवत नाही. तिथे येशू म्हणतो की शेवटच्या दिवशी पुष्कळ जण येऊन सांगतील, आम्ही तुझ्या नावाने भुतं काढली, चमत्कार केले. आणि त्यांना उत्तर मिळेल, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणजे चमत्कार झाला म्हणून करणारा खरा ठरत नाही, असं खुद्द येशूचंच म्हणणं आहे. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात तर आणखी पुढची पायरी आहे: संदेष्ट्याने सांगितलेली खूण खरी ठरली, तरी तो देवापासून दूर नेत असेल तर त्याच्यामागे जाऊ नका.

पैशाबद्दल दोन गोष्टी आहेत. अलीशा संदेष्ट्याने नामान सेनापतीचं कोड बरं केलं आणि बक्षीस नाकारलं. त्याचा नोकर गेहजी गुपचूप मागे धावत गेला, खोटं बोलून चांदी आणि कपडे घेऊन आला, आणि तेच कोड त्याच्या अंगावर उठलं. दुसरी गोष्ट शिमोन जादूगाराची. पवित्र आत्म्याचं सामर्थ्य आपल्यालाही मिळावं म्हणून त्याने प्रेषितांपुढे पैसे ठेवले आणि त्यांच्यातल्या पेत्राने त्याला फटकारलं. पण म्हणून उपदेशकाने फुकटच राबावं असंही नाही. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे हेही तिथेच लिहिलंय, आणि डिडाखेसुद्धा गावात स्थायिक झालेल्या खऱ्या संदेष्ट्याला पहिल्या पिकाचा वाटा द्यायला सांगते. तंबू शिवून पोट भरणारा प्रेषित पौल दुसऱ्यांच्या मजुरीचा हक्क मान्य करतो, स्वतः मात्र तो घेत नाही. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणारा माणूस बावळट आणि घेणारा लबाड, असं सरसकट समजू नका.

आता सिकलसेलकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे. या आजारात दुखणं लाटेसारखं येतं. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं आणि सांधे ठणकतात, पोर रात्रभर कण्हतं. आणि बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत ती लाट ओसरते, प्रार्थना केली तरी आणि नाही केली तरी. मंगळवारी दुखणं सुरू झालं, रविवारी सभा होती, सोमवारी पोर उठून खेळायला लागलं. यात खोटं कुणीच बोललेलं नाही. वहिनींची साक्ष खरी आहे, तिचा अर्थ तेवढा तपासायचा आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी हायड्रॉक्सीयुरिया असेल, तर तिचा गुण दिसायला महिने लागतात. ती लाटा पूर्ण थांबवत नाही, त्या कमी वेळा याव्यात अशी व्यवस्था करते. म्हणजे गोळी निमूटपणे काम करत असते आणि श्रेय मंचाला मिळतं. गोळी बंद केल्यावरही लगेच काही होत नाही, म्हणून उपदेशकाचं म्हणणं दोन-चार आठवडे खरंच वाटतं. पुढची लाट येईपर्यंत ते पुढच्या तालुक्यात पोचलेले असतात.

चंगाई सभांमध्ये, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांमध्ये, जाणूनबुजून केलेली फसवणूकही असते. अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचे एक उपदेशक भर सभेत अनोळखी माणसाचं नाव, आजार, घराचा पत्ता सांगायचे. लोक म्हणायचे, देव याच्या कानात बोलतो. १९८६ साली जादूगार जेम्स रँडी यांच्या साथीदारांनी रेडिओ लहरी पकडणारं यंत्र घेऊन सभा गाठली. कानात कुणीतरी बोलत होतं, एवढं खरं निघालं. उपदेशकांच्या कानात बारीक यंत्र होतं आणि त्यांची पत्नी बाहेरून बिनतारी संदेश देत होती. सभा सुरू होण्याआधी लोकांनी प्रार्थनेसाठी जी कार्डं भरून दिली होती, त्यांवरूनच ती वाचत होती. रँडींनी ते ध्वनिमुद्रण दूरचित्रवाणीवर ऐकवलं. पुढच्या वर्षी पोपॉफ यांनी दिवाळं काढलं. आणि काही वर्षांनी ते ‘चमत्काराचं पाणी’ घेऊन पुन्हा दूरचित्रवाणीवर हजर झाले, गिऱ्हाईकही मिळालं. उलट झाडीपट्टीत मंडईच्या रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक बघताना राजा खरा राजा नाही हे आपल्याला माहीत असतं, आणि तिकीट त्याच सौद्याचं असतं. तो सौदा प्रामाणिक आहे.

आजारी माणसासाठी काय करावं हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय: मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना घरी बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. त्यात मंच नाही, भोंगा नाही, कॅमेरा नाही, औषध सोडा असंही नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता, पौलाचा लाडका.

आता दुसरी बाजू, कारण नुसते खोटेच दाखवले तर खऱ्याची ओळख पटायची नाही. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. नागपूरकडून तिकडे जाणारा लोहमार्ग तुमच्या गोंदियावरूनच जातो. डब्यात एक अनोळखी साहेब भेटला. बोलणं झालं, त्याने नवा करार हातात ठेवला, वाचा म्हणाला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाल्याचं सांगतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. म्हणजे भाकीत खरं ठरलं! पण माझ्या मते त्या प्रसंगातली महत्त्वाची गोष्ट भाकीत नाही. पुस्तक देऊन तो माणूस आपल्या वाटेने गेला. टिळकांनी दोन वर्षं स्वतः वाचलं, स्वतःशी आणि दुसऱ्यांशी वाद घातला, मग ठरवलं. लक्ष्मीबाईंनी तर नवऱ्याच्या मागोमाग धर्म बदलला नाही, त्यांनी आपला वेळ घेतला. ‘स्मृतिचित्रे’ तुमच्या वाचनालयात नक्की असेल, ते वहिनींना द्या. त्यात ख्रिस्ती संसाराची ओढाताण आहे, आजारपणं आहेत, घरात पैसा न टिकू देणारा नवरा आहे, आणि कुठेही जाहिरात नाही.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर ज्या जोगिणींनी त्यांना धर्म शिकवला, त्यांच्याशीच त्या पत्रांतून हुज्जत घालत राहिल्या. एका पुरोहितशाहीचं जू मानेवरून काढलं ते दुसरं चढवून घ्यायला नव्हे, असा त्यांचा बाणा होता. शिकवणाऱ्यांना त्यात गर्व दिसला. रमाबाईंनी प्रश्नही सोडले नाहीत आणि श्रद्धाही सोडली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून.

माझी कसोटी इथूनच आलेली आहे. उपदेशक प्रश्न विचारू देतो का? प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांची स्तुती आहे. पौल जे सांगतो ते तसंच आहे का, हे ते रोज शास्त्र उघडून पडताळायचे. पौलासारख्या माणसालाही त्यांनी तपासलं आणि त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली. मग आजच्या उपदेशकाला पावती मागितली, डॉक्टरांचा कागद दाखवला, किंवा ‘हे कुठल्या अध्यायात आहे’ म्हणून विचारलं, तर राग का यावा? ‘अभिषिक्ताला बोट लावू नका’ असं उत्तर आलं, तर मी चप्पल शोधायला लागतो.

तुम्ही विचाराल, मोठ्या संस्थेचा पाळक असला म्हणजे खात्रीचा का? तसंही नाही. संस्थेचा एक फायदा असतो: हिशेब मागायला कुणीतरी असतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते आपल्या नागपुरातच. तिथे पाळकावर समिती असते, समितीवर धर्मप्रांत. नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल, तर त्याला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे द्यावे लागतात. पण टिळकांनीच १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. तेही स्वतंत्र उपदेशकच झाले. फरक एवढाच की त्यांनी सोडला तो पगार. काही जण संस्था सोडतात ती हिशेबाच्या कटकटीतून सुटायला.

शिवाय नीट शिकवणारा माणूसही आतून पोखरलेला असू शकतो. रवी झकारायस हे चेन्नईत जन्मलेले, जगभर गाजलेले वक्ते. त्यांच्या शिकवणीत खोट काढणं कठीण होतं. २०२० साली ते वारले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालातून स्त्रियांशी केलेलं गैरवर्तन बाहेर आलं. तक्रार आधीही झाली होती, तेव्हा संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली होती. पंजाबात चंगाई सभांमुळे लाखोंना माहीत असलेले बजिंदर सिंग यांना २०२५ साली मोहालीच्या न्यायालयाने बलात्काराच्या खटल्यात जन्मठेप दिली. फळ पाहायचं तर झाड एका जागी उभं असावं लागतं, आणि ते जवळून पाहू द्यावं लागतं. नागपूरला १८४५ साली आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप शेवटपर्यंत इथलेच राहिले, शाळा चालवली, दगड-जीवाश्म जमवले, गोंडांची गाणी उतरवून घेतली, आणि १८६३ साली टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात बुडून गेले. त्यांच्या धर्माशी कुणाचं पटो न पटो, वर्षानुवर्षं लोक त्यांना जवळून बघत होते.

कायद्याचं थोडक्यात. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. तो सगळ्या धर्मांच्या बुवांना सारखाच लागू आहे. नुसती प्रार्थना करणं, भजन म्हणणं, उपदेश करणं हा गुन्हा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सभेबद्दल शंका आली की काठ्या घेऊन तिथे जाणारेही असतात. त्यांच्या नादी लागू नका. वहिनी त्या दिवसापासून तुमच्याशी बोलणं बंद करतील, आणि गोळीचा विषय कायमचा तुमच्या हातून जाईल.

त्यापेक्षा पुढच्या सभेला तुम्हीच वहिनींबरोबर जा. वाद घालू नका, मागे बसा. सभा संपल्यावर उपदेशकांना नमस्कार करून सगळ्यांसमोर एवढंच विचारा, ‘पुतण्याच्या डॉक्टरांशी फोनवर दोन मिनिटं बोलाल का?’ जे उत्तर येईल ते वहिनींनी स्वतःच्या कानांनी ऐकू दे, तुम्ही त्यावर काही बोलू नका. आणि पोराला सोबत नेणार असाल तर एक सांभाळा. अंगात पाणी कमी पडलं किंवा थंडी लागली की सिकलसेलचं दुखणं उठतं, आणि तुमच्याकडे धान निघाल्यावर रात्री उघड्या मैदानात चांगलंच गारठतं. त्याला स्वेटर, कानटोपी घाला आणि पाण्याची भरलेली बाटली बरोबर ठेवा.